गळ टाकून बसलेली माणसं

ज्यांना भाग ऐकायला वेळ नाही किंवा ज्यांचे इयरफोन घरी राहिलेत, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हे लिखित रूप. बोललो तसंच ठेवलंय, फक्त मधले 'अं...' आणि 'म्हणजे काय की...' काढून टाकलेत. तरी एखाददुसरा राहिला असेल तर सांभाळून घ्या.

गेल्या मे महिन्यात मी मामाकडे गेलो होतो, मालवणजवळ, कालावलच्या खाडीवर. ऑन-कॉलची पाळी नुकतीच संपली होती. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: ऑन-कॉल म्हणजे रात्री पावणेतीनला फोन वाजतो आणि कुठलातरी सर्व्हर पडलाय म्हणून तुम्ही अंथरुणातच लॅपटॉप उघडता. असे काही आठवडे काढले की शरीर विचित्र वागायला लागतं. शेजारच्याचा फोन व्हायब्रेट झाला तरी आपल्या पोटात गोळा येतो. मामाने माझ्याकडे एकदा नीट बघितलं आणि म्हणाला, "चल, गरवाक जाव."

गरवणं म्हणजे गळाने मासे पकडणं. आमच्याकडे गळाला गरी म्हणतात. मामाकडे रॉड वगैरे काही नाही. नायलॉनची दोरी, तिला शिशाचं वजन, गरी आणि गरीला लावलेलं सुंगट, म्हणजे कोळंबी. दोरी पाण्यात सोडायची, तिचं टोक तर्जनीवर घ्यायचं आणि बसायचं. पहिल्या अर्ध्या तासात मी खिशातून फोन ११ वेळा काढला. अकराव्या वेळी मामा म्हणाला, "गप रव. येवचा आसात ता येतला." दोन तासांत आम्हाला तळहाताएवढं एक काळुंद्र मिळालं. त्या रात्री मी नऊ तास झोपलो.

तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात घोळतोय, आणि आजचा भाग त्यावर आहे. मामा गरवतो ते कालवणासाठी. मासा नाही मिळाला तर त्याला थोडं वाईट वाटतं, घरी मामी दोन शब्द ऐकवते. मला मात्र मासा मिळाला नसता तरी चाललं असतं, मी फक्त बसायला गेलो होतो. माशासाठी नाही, तर बसण्यासाठी मासेमारी करायची, ही कल्पना माणसाच्या डोक्यात कधी आली? आणि कुणाच्या डोक्यात आली? कारण पोटासाठी जाळं ओढणाऱ्याला 'पाण्याकाठी काय शांत वाटतं' असं सुचणं जरा अवघड आहे.

या प्रश्नाचं उत्तर शोधायला गेलं की पहिलं नाव येतं ते आयझॅक वॉल्टनचं, आणि त्याची गोष्ट मला वाटलं होतं त्यापेक्षा खूप काळोखी निघाली.

वॉल्टन जन्मला १५९३ साली, इंग्लंडमधल्या स्टॅफर्ड गावात. लंडनमध्ये येऊन तो कापडाचा दुकानदार झाला, फ्लीट स्ट्रीटच्या परिसरात. फार शिकलेला नव्हता, पण माणसं जोडणारा होता. कवी जॉन डन हा त्याच्या चर्चचा धर्मगुरू, आणि पुढे १६४०मध्ये त्याचं छोटं चरित्र वॉल्टननेच लिहिलं. इथपर्यंत सगळं सुरळीत वाटतं. पण पहिल्या बायकोपासून त्याला सात मुलं झाली आणि त्यातलं एकही जगलं नाही. १६४०मध्ये बायकोही गेली. १६४२मध्ये इंग्लंडमध्ये यादवी युद्ध पेटलं, एका बाजूला राजा, दुसऱ्या बाजूला पार्लमेंट. वॉल्टन मनाने राजाकडचा, आणि लंडन पार्लमेंटच्या ताब्यात. साधारण १६४४च्या सुमारास त्याने धंदा आवरला आणि शहर सोडलं.

त्या वर्षांत इंग्लंडमध्ये काय काय बंद झालं ते बघा. १६४२मध्ये नाटकघरं बंद. १६४५मध्ये जुन्या चर्चचं प्रार्थनापुस्तक बंद. १६४७मध्ये चक्क ख्रिसमसचा सण बंद. वॉल्टनच्या ओळखीचे किती धर्मगुरू नोकरीतून हाकलले गेले. ३० जानेवारी १६४९ला राजा पहिला चार्ल्स याचं डोकं लंडनमध्ये भर चौकात उडवलं गेलं. त्याच्या मुलाने, दुसऱ्या चार्ल्सने, १६५१मध्ये वूस्टर इथे शेवटचा प्रयत्न केला, हरला आणि परदेशी पळाला. या पळापळीत राजाचं सेंट जॉर्जचं रत्नजडित पदक मागे राहिलं. ते लपवून लंडनला पोचवायचं काम ज्यांच्या हातून झालं, त्यांत हा साठीला टेकलेला कापडवाला होता. पकडला गेला असता तर जीव धोक्यात होता. त्याने ते टॉवर ऑफ लंडनमध्ये कैदेत असलेल्या कर्नलपर्यंत नेलं, आणि तो कर्नल पुढे पदकासकट तिथून निसटला. यावर वेब सिरीज का नाही काढली कुणी, कळत नाही.

आणि या सगळ्यानंतर दोन वर्षांनी, १६५३मध्ये, वॉल्टनने पुस्तक काढलं ते मासे पकडण्यावर! 'द कम्प्लीट अँग्लर'. किंमत दीड शिलिंग. गेल्या पावणेचारशे वर्षांत त्याच्या शेकडो आवृत्त्या निघाल्या आहेत.

पुस्तकात घडतं काय? जवळपास काहीच नाही. मे महिन्यातल्या सकाळी लंडनच्या उत्तरेला, टॉटनहॅमच्या टेकडीवर, वाटसरू भेटतात. एक गळवाला, एक शिकारी. दुसऱ्या आवृत्तीपासून तिसराही येतो, ससाणे पाळणारा. कुणाचा छंद भारी यावर गप्पा रंगतात. मग शिकारी गळवाल्याचा चेला बनतो आणि दोघं ली नदीच्या काठाने चार-पाच दिवस भटकतात. झाडाखाली पावसात थांबतात, दूध काढणाऱ्या मुलीचं गाणं ऐकतात, गुत्त्यात बिअर पितात, पकडलेला मासा शिजवून घेतात. मधे मधे ट्राउट कसा पकडावा, पाइकला काय आवडतं, कार्प किती चलाख असतो, असे धडे. त्यातला बराच भाग आज वाचला तर हसू येतं, पाइक म्हणे एका पाणवनस्पतीपासूनही जन्मतो! पण युद्ध? युद्धाचा उल्लेख शोधावा लागतो. राजाचं डोकं उडवलंय त्याला चार वर्षं झालीत आणि हा माणूस जिवंत बेडूक गळाला कसा लावावा ते सांगतोय, तेही बेडकाला जपून!

मी आधी याला पळपुटेपणा म्हणायच्या तयारीत होतो. आता तसं म्हणवत नाही. त्या वेळी चार राजनिष्ठ लोक घरात जमले तरी संशय यायचा. नदीकाठी चार माणसं काठ्या घेऊन बसली तर कोण काय बोलणार? काही अभ्यासक म्हणतात की पुस्तकातलं गळवाल्यांचं बंधुत्व म्हणजे बंदी आलेल्या चर्चच्या माणसांचंच झाकलेलं रूप आहे. इंग्रजीत 'अँग्लर' आणि 'अँग्लिकन' हे शब्द कानाला किती जवळचे वाटतात ते म्हणून बघा. हे सगळं खरं असो-नसो, एवढं दिसतं की वॉल्टनची शांतता सुखवस्तू माणसाची रविवारची शांतता नाही. ज्याची सात मुलं गेली, शहर सुटलं, राजा गेला, सण गेले, त्याच्या हातात जे उरलं ते हे होतं. आणि पुस्तकाच्या शेवटी तो वाचकाला शिकवून जातो तेही शांत राहायलाच.

त्याला नावं ठेवणारेही होते. कवी बायरनने 'डॉन जुआन'मध्ये वॉल्टनला क्रूर म्हातारा ठरवलं आणि त्याच्याच घशात गळ अडकवायला हवा, असं सुचवलं. बायरनचं अगदीच चूक नाही. आपण पाण्याकाठी शांत बसलेले असतो तेव्हा दोरीच्या दुसऱ्या टोकाला जे चाललेलं असतं ते शांत नसतं. मी मामाला हे विचारलं तेव्हा तो म्हणाला, "खातंस मगे कित्याक?" मी काळुंद्राचा दुसरा तुकडा घेत होतो. मुद्दा संपला.

एक तांत्रिक गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही. शेवटी इंजिनिअर. वॉल्टनच्या काळात गळाची दोरी घोड्याच्या शेपटीचे केस पिळून करत. ती काठीच्या टोकालाच बांधलेली असे. सैल सोडायला चाक म्हणजे रीळ तेव्हा इंग्लंडमध्ये नवलाचीच वस्तू. याचा अर्थ काय? सिस्टिममध्ये बफरच नाही! मासा ओढायला लागला तर दोरी पुरवायला जागा नाही, जो काही ताण येईल तो केसांची लवचीकता आणि काठीचं वाकणं यांनीच झेलायचा. तुम्ही घाई केलीत, हिसका दिलात, की केस तुटला. वॉल्टनचा गळवाला तर फारच मोठा मासा लागला की काठीच पाण्यात फेकून देतो. मासा ती ओढत फिरू दे, दमला की काठी उचलायची. आपण धीराला सद्गुण वगैरे म्हणतो, पण इथे तो सामानातूनच आलेला होता. वस्तूच अशी, की धीर नसलेल्याच्या हाती मासा लागणारच नाही.

आता कुणीतरी कमेंटमध्ये लिहिणारच की 'हे सगळं आपल्याकडे आधीच होतं', म्हणून तेही सांगून टाकतो. आपल्याकडे आधी होतं, हे खरंच आहे.

कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा. हे कल्याण लोकलवालं नाही हं, बिदर जिल्ह्यातलं आजचं बसवकल्याण. याने ११३०च्या सुमारास 'मानसोल्लास' नावाचा संस्कृत ग्रंथ रचला. पाच भाग, प्रत्येकात २० अध्याय, एकूण १००. आपल्याला हा ग्रंथ माहीत असतो तो एका कारणासाठी: महाराष्ट्रातल्या बायका धान्य कांडताना ओवी गातात, असा उल्लेख त्यात आहे आणि मराठीच्या इतिहासात तो नेहमी सांगितला जातो. पण त्याच ग्रंथात राजाच्या करमणुकींचा भाग आहे. हत्ती, कुस्ती, कोंबड्यांच्या झुंजी, फासे... आणि त्यात एक अध्याय 'मत्स्यविनोद'. थेट गळाने मासे पकडण्यावर! समुद्रातल्या आणि गोड्या पाण्यातल्या पस्तीसेक जातींच्या माशांची माहिती, कुणाला कोणता चारा आवडतो, आधी चारा टाकून माशांना जागेची सवय कशी लावायची, दोरी कशी, काठी कशी, गळ कसा. भारतीय प्राणिशास्त्र सर्वेक्षणाचे संचालक असलेले मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१मध्ये या अध्यायावर लेख लिहिला. इंग्रजीत गळावरचं पहिलं छापील पुस्तक येतं १४९६मध्ये, ज्याचं श्रेय ज्युलियाना बर्नर्स नावाच्या साध्वीला दिलं जातं, खात्री नाही. म्हणजे सोमेश्वर त्याच्या साडेतीनशे वर्षं आधीचा.

छाती फुगवून झाली असेल तर एक शंका. सोमेश्वराचा अध्याय 'विनोद' या भागात आहे, म्हणजे राजाची करमणूक. माशांना रोज चारा टाकून एका जागी लळा लावायला राजा स्वतः जात असेल का? मला नाही वाटत. राजा येऊन निवांत बसणार, म्हणून आधी कुणीतरी त्या काठावर राबलेलं असणार. मत्स्यविनोदात मला माशांची आणि आमिषाची माहिती सापडते, एकटेपण सापडत नाही. तो वॉल्टनचा जिन्नस आहे. आधी कोण आणि नंतर कोण यापेक्षा हा फरक मला जास्त महत्त्वाचा वाटतो.

आता जरा घराजवळ येऊ. माझं ऑफिस पुण्यात, खराडीला. खालून मुळा-मुठा वाहते. वाहते म्हणजे उन्हाळ्यात जलपर्णीचा हिरवा गालिचा असतो आणि संध्याकाळी डास. या नदीशी गळाच्या इतिहासाचा काही संबंध असेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

१८२०च्या दशकात मुंबई सरकारने विल्यम सायक्स नावाच्या लष्करी अधिकाऱ्याला दख्खनची सांख्यिकी माहिती गोळा करायच्या कामावर नेमलं. हा माणूस शेतसारा, पाऊस, पक्षी, मासे, सगळंच गोळा करत सुटला. १८३९ साली त्याने दख्खनच्या माशांवरचा अभ्यास छापला. त्यातल्या बऱ्याच माशांना लॅटिन धाटणीत जी नावं दिली, ती इथल्याच लोकांच्या तोंडची होती. कोलुस, बोग्गुट, मुस्सुल्ला. आणि एक मोठ्या खवल्यांचा दांडगा मासा: खुडरी. आज शास्त्रात त्याला 'टोर खुडरी' म्हणतात, दख्खनचा महाशीर. सायक्सला तो मिळाला ती जागा नोंदवलेली आहे: मुळा-मुठा, पुण्याच्या पूर्वेला सुमारे ८ मैल. म्हणजे आज खराडी-मुंढवा ओलांडून मांजरीच्या पुढे कुठेतरी. ऑफिसच्या गच्चीवरून जिकडे बघत मी चहा पितो, साधारण तिकडेच. ही नावं सायक्सला ज्यांनी सांगितली त्या नदीकाठच्या मासे पकडणाऱ्यांची नावं मात्र शास्त्रीय नावात नाहीत. तिथे फक्त 'सायक्स, १८३९'.

हा महाशीर म्हणजे गोड्या पाण्यातला वाघच. इंग्रज साहेबांना त्याचं वेड लागलं. मद्रास इलाख्यातला हेन्री सलिव्हन थॉमस नावाचा मुलकी अधिकारी याने १८७३मध्ये 'द रॉड इन इंडिया' लिहिलं आणि ते साहेबलोकांचं बायबल झालं. कुठल्यातरी आडजिल्ह्यात एकटा पडलेला कलेक्टर, आजूबाजूला आपली भाषा बोलणारं कुणी नाही, मग नदी. त्यांचं एकटेपण मी समजू शकतो, फक्त ते त्यांनी स्वतः तिकीट काढून मिळवलं होतं. १९४६मध्ये म्हैसूरच्या व्हॅन इंगेन यांनी कबिनी नदीत १२० पौंडांचा, म्हणजे ५४ किलोंचा महाशीर पकडला. हा विक्रम गळवाले आजही सांगतात. तो मासा मात्र खुडरी नव्हता. कावेरीच्या खोऱ्यात पाठीला उंचवटा असलेला वेगळाच महाशीर असतो, त्यातला तो.

इथून गोष्ट लोणावळ्याला जाते. टाटांची धरणं तिथे शंभरेक वर्षांपूर्वी बांधली गेली, मुंबईला वीज देण्यासाठी. धरण आलं की महाशीरची पंचाईत होते, कारण पावसाळ्यात तो अंडी घालायला प्रवाहाच्या वर चढतो. १९७०च्या दशकात वळवणच्या तलावाकाठी या माशाचं कृत्रिम प्रजनन सुरू झालं. मत्स्यशास्त्रज्ञ सी. व्ही. कुलकर्णी यांचं त्यात मोठं काम. मादीच्या पोटावरून हलक्या हाताने दाबून अंडी काढायची, नराचं रेत मिसळायचं, पिल्लं वाढवायची. हेतू शंभर टक्के चांगला. लाखो पिल्लं तयार झाली आणि देशभर वेगवेगळ्या राज्यांना दिली गेली. त्यातली काही १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात कावेरीत सोडली गेली.

त्याच सुमाराला, १९७७मध्ये, तीन इंग्रज तरुण भारतात आले. त्यांना बघायचं होतं की जुन्या पुस्तकांमधला तो राक्षसी महाशीर अजून आहे की संपला. कावेरीत तो त्यांना सापडला. बातमी पसरली आणि जगभरचे गळवाले कर्नाटकात यायला लागले. भीमेश्वरी, गालिबोरे अशा ठिकाणी नदीकाठी कॅम्प उभे राहिले. नियम एकच, पकडलेला मासा मोजायचा, फोटो काढायचा आणि परत सोडायचा. आधी सुरुंग लावून मासे मारणारी आसपासची काही माणसं या कॅम्पांवर वाटाडे झाली, राखणदार झाली. तासन् तास खडकावर बसायचं, नाचणीच्या पिठाचा गोळा गळाला लावून. कित्येकदा अख्खा दिवस काहीच नाही.

पण कॅम्पवर वही होती. कोणी किती तास गळ टाकला, काय मिळालं, वजन किती. कुणी शास्त्रासाठी लिहीत नव्हतं, गळवाल्यांची सवयच ती. पुढे शास्त्रज्ञांनी १९९८ ते २०१२ या काळातल्या गालिबोरेच्या नोंदी उलगडल्या आणि २०१५मध्ये निष्कर्ष छापला. उंचवट्याचा महाशीर झपाट्याने कमी होत गेला होता. आणि दुसरा एक, निळसर परांचा महाशीर, वाढत गेला होता. हा दुसरा म्हणजे बाहेरून आणून सोडलेला. लोणावळ्याकडचा. आपला.

या नोंदींत एक गंमत आहे, गंमत कसली, वाईटच आहे. उंचवट्याचे मासे संख्येने कमी झाले, पण जे मिळत होते त्यांचं सरासरी वजन वाढत होतं. डॅशबोर्डवर हा आकडा बघितला असता तर मी म्हणालो असतो, वा, ग्राफ वर चाललाय! प्रत्यक्षात अर्थ उलटा: पिल्लंच येत नव्हती. फक्त म्हातारे उरले होते, आणि म्हातारे मोठे असतात. हे दिसलं कशामुळे, तर १५ वर्षं काही माणसं त्याच खडकांवर निवांत बसून राहिली म्हणून.

त्यानंतरचं थोडक्यात. अभयारण्यात गळ टाकणं ही वन्यजीव कायद्याखाली शिकारच, असा अर्थ लावला गेला आणि तिथली गळाची मासेमारी बंद झाली. कायद्याची बाजू मला कळते. पण वह्याही बंद झाल्या आणि काठावरची राखणदार माणसंही गेली. कहर म्हणजे, जगभर प्रसिद्ध असलेल्या या माशाला तोवर पक्कं शास्त्रीय नावही नव्हतं. तो 'टोर रेमादेवी' असल्याचं ठरलं २०१८मध्ये, आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त म्हणून जागतिक यादीत गेला. वाळूउपसा, धरणं, सुरुंग, कमी पाणी, कारणं बरीच आहेत. आपला खुडरी त्यातलं एक. सद्भावनेने दिलेलं.

हे सगळं वाचून झाल्यावर, गेल्या महिन्यातल्या एका शनिवारी, मी मुंढव्याच्या पुलाखाली उतरलो. वास होताच. पण काठावर एक काका बसले होते, बांबूची काठी, दोरी, शेजारी प्लॅस्टिकची बादली.

"काका, काय मिळतंय?"

"चिलापी."

चिलापी म्हणजे तिलापिया, आफ्रिकेतून आलेला, घाण पाण्यातही टिकणारा. मी विचारलं, इथे पूर्वी महाशीर असायचा म्हणे, खुडरी? त्यांनी नाव ऐकलेलं नव्हतं. मी मोबाईलवर फोटो दाखवला. त्यांनी तो बराच वेळ बघितला, बोटांनी मोठा करून खवले बघितले.

"हा? वडील सांगायचे मोठ्या खवल्याचा. खवला म्हणे रुपयाएवढा. मी नाही पायला."

मग त्यांनी पाण्याकडे बघत बादली थोडी सरकवली आणि म्हणाले, "बसा की."

मी बसलो. तासभर. मला घाई नव्हती आणि त्यांनाही नव्हती. फोन दोनदा काढला, दुसऱ्यांदा फक्त तारीख, वेळ आणि 'चिलापी, दोन' एवढं लिहून ठेवायला.

पुढचा भाग पुढच्या शुक्रवारी. तुमच्या गावच्या नदीत कोणता मासा होता आणि आता नाही, हे घरच्या म्हाताऱ्या माणसांना विचारून मला व्हॉइस नोट पाठवा. नाव त्यांच्या तोंडी जसं आहे तसंच सांगा. भेटू.